माफी झाली, पण सातबाऱ्यावरचा बोजा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुड फ्रायडे ते ईस्टर या तीन दिवसांत जिल्हा पानावर चर्चचा एखादा फोटो येतो आणि खाली ठरलेली ओळ असते, 'क्षमेचा संदेश देणारा सण'. ओळ खोटी नाही. (शोकाच्या दिवसाला 'सण' म्हणावं का, हा वेगळा वाद, 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' असे फ्लेक्स लागतात तेव्हा तर कुठं तोंड लपवावं कळत नाही.) पण 'क्षमा' हा शब्द एकदा हार घालून भिंतीवर टांगला की त्याच्या आड काय काय खपवलं जातं, हे कुणी बघत नाही. 'झालं गेलं गंगेला मिळालं', 'मोठ्या मनानं सोडून दे', 'देवानं माफ केलं, मग तू कोण?' ही तीन वाक्यं ख्रिस्ती घरांतही सर्रास ऐकू येतात. तिन्हींपैकी एकही शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चरित्रात) नाही. म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणताना सांगली-मिरजेच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, दर रविवारी एक ओळ येते: 'जशी आम्ही आपल्या ऋण्यांस ऋणे सोडली आहेत, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' पाप नाही, अपराध नाही, ऋण. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ग्रीक मजकुरात तिथं खरोखरच 'देणी' असा शब्द आहे, आणि क्षमा करण्यासाठी जे क्रियापद आहे त्याचा साधा अर्थ 'सोडणे'. मराठी भाषांतरकारांनी तो जसाच्या तसा ठेवला, हे त्यांचे उपकार. कारण आपल्या भागात कर्ज म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. विकास सोसायटी, जिल्हा बँक, ऊस बिलातून होणारी कपात, थकबाकीदारांची यादी, २०१७ ची दीड लाखापर्यंतची माफी, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची कर्जमुक्ती, कोण पात्र, कोण अपात्र. ज्याला हे कळतं त्याला ख्रिस्ती क्षमा अर्धी कळलेलीच आहे. उरलेली अर्धी मत्तय १८ मध्ये, येशूनं सांगितलेल्या एका दाखल्यात (बोधकथेत) आहे.

त्या दाखल्यात राजा हिशेब घ्यायला बसतो आणि दहा हजार तलान्त देणं असलेला दास पुढं आणला जातो. राजा त्याचं सगळं देणं सोडून देतो. हा दास बाहेर पडतो आणि शंभर दिनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. प्रवचनात आकडे पटकन ओलांडले जातात, पण सगळी गंमत आकड्यांतच आहे. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. दोनच अध्यायांनंतर द्राक्षमळ्यातले मजूर याच दरानं कामाला लागतात (तासगावकरांनी तो दर आजच्या छाटणीच्या दराशी ताडून पाहू नये). एक तलान्त म्हणजे साधारण सहा हजार दिनार. म्हणजे दहा हजार तलान्त हे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं देणं झालं. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर फेडायला दोन लाख वर्षं लागतील. आजची मजुरी हिशेबापुरती ४०० रुपये धरा: एकीकडे २,४०० कोटी, दुसरीकडे ४० हजार. प्रमाण सहा लाखांस एक.

आता त्या ४० हजारांकडे नीट पाहा. ती लहान रक्कम नाही. मजुराच्या घरात ४० हजार म्हणजे पोरीची फी, आईचं ऑपरेशन. येशू असं म्हणत नाही की तुझं नुकसान किरकोळ आहे, विसर. तो नुकसान मोजतो, आकडा मांडतो आणि मग त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवतो. 'त्यात काय एवढं' म्हणणारा मध्यस्थ हा शंभर दिनारांचे दहा करून दाखवतो. ती क्षमा नव्हे, ती खोटी मोजणी आहे.

दुसरी गोष्ट याहून बोलकी. दासानं माफी मागितलेलीच नाही. त्यानं मुदत मागितली: थांबा, सगळं फेडतो. बँकेच्या भाषेत त्याला कर्जाचं पुनर्गठन हवं होतं. राजानं दिली सरसकट माफी. पण दासाच्या डोक्यात पुनर्गठनच राहिलं. दोन लाख वर्षांचं देणं आपण हप्त्यानं फेडणार आहोत असं ज्याला वाटतं, तो वसुलीला निघणारच. चर्चमध्ये नियमित येणारी, दशांश देणारी, उपास करणारी माणसं घरात कडू का असतात, याचं आमच्या मते हेच मोठं कारण. ती देवाचे हप्ते भरत असतात आणि हप्ते भरणारा माणूस दुसऱ्याची थकबाकी सहन करत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे माफी फुकट नसते. सरकार कर्ज माफ करतं तेव्हा रक्कम हवेत विरत नाही. ती कुणाच्या तरी खात्यावर पडते, कुणीतरी ती सोसतो. राजानं सोडलेले सहा कोटी दिनार राजाच्याच खजिन्यातून गेले. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात (कलस्सै २:१४) प्रेषित पौल नेमकं हेच सांगतो. आपल्याविरुद्ध असलेला लेख खोडून तो वधस्तंभाला खिळला, असं तो लिहितो, आणि तिथं वापरलेला ग्रीक शब्द ऋणकोनं स्वतःच्या हातानं लिहून दिलेल्या कर्जरोख्याचा आहे. (वधस्तंभावरचा 'पूर्ण झाले आहे' हा उद्गार त्या काळी फेडीच्या पावतीवर लिहीत असत, असं दर वर्षी कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून ऐकू येतं. त्याचा आधार कच्चा आहे. कलस्सैचा आधार पक्का असताना तो कशाला लागतो?)

राजाला 'दया आली' असं आपण वाचतो. तिथलं ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलेलं आहे. मराठीइतकं चपखल भाषांतर दुसऱ्या कुठल्या भाषेत होत असेल असं वाटत नाही: त्याचं आतडं पिळवटलं. जुन्या करारात देवाच्या करुणेसाठी येणारा एक हिब्रू शब्द गर्भाशयाच्या शब्दाशी नातं सांगतो. म्हणजे बायबलमधली दया ही वरून टाकलेली भीक नाही, ती पोटातून येते.

आता व्यवहार. कर्ज माफ झालं, यादीत नाव आलं, गावात पेढेही वाटले. पण सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातला बोजा तसाच. बँकेचा बेबाकी दाखला आणून, तलाठ्याकडे अर्ज देऊन, फेरफार होऊन तो कमी करून घ्यावा लागतो. ज्यानं हे केलं नाही त्याला पुढच्या व्यवहाराच्या वेळी धक्का बसतो. घराघरांतल्या क्षमेचं हेच होतं. प्रार्थनेत 'सोडलं' म्हटलेलं असतं, बोजा उतरवलेला नसतो, आणि तो धाकट्याच्या लग्नात याद्या करायला बसल्यावर वर येतो.

बोजा उतरवायचा तर आधी तो कितीचा आहे हे लिहावं लागतं. एका कागदावर, एका वाक्यात, करणाऱ्याचं नाव आणि क्रियापद घालून. 'जाऊबाई नीट वागत नाहीत' हे वाक्य उपयोगाचं नाही, कारण ते माफ करता येत नाही. त्यात घटना नाही. 'दिवाळीत चार बायकांसमोर त्यांनी माझ्या माहेरच्या गरिबीवर टोमणा मारला' हे माफ करता येतं. असं लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या होतात: खरोखर झालेलं नुकसान, दुखावलेला मान आणि आपण केलेला तर्क ('तिनं मुद्दाम केलं'). यातला तर्क बहुतेक वेळा सगळ्यात जड असतो आणि पुरावा त्यालाच सगळ्यात कमी. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला त्याच माणसाचं आपण काय देणं लागतो ते लिहावं. ही बाजू कोरी राहिली तर घाई करू नये, दोन दिवस थांबून पुन्हा पाहावं. मग कागद फाडावा. जपून ठेवलेला कागद म्हणजे पुन्हा कर्जरोखाच.

त्यानंतर जाऊन भेटणं. मत्तय १८:१५ चा क्रम स्पष्ट आहे: आधी एकट्यानं, एकट्याकडे, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीकडे. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा चालतो. आधी व्हॉट्सअॅप ग्रुप, मग पंच, आणि ज्याचा अपराध त्याला सगळ्यात शेवटी कळतं. उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात विषय काढू नये. कान भोवती असतात. लग्नघरी, मयताच्या घरी तर नाहीच. त्याच्या घरी किंवा शेतावर, जेवणाची वेळ टाळून, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पहिल्या दोन मिनिटांत घटना सांगावी, मग गप्प बसावं. 'तू नेहमीच', 'तुमचं घराणंच' हे शब्द तोंडातून गेले की भेट संपली असं समजावं. आणि ज्याला आपण दुखावलंय याची कल्पनाही नाही, त्याला जाऊन 'मी तुला माफ केलंय' असं सांगणं ही क्षमा नाही, तो मराठी टोमण्याचा सुधारित प्रकार आहे. अशा वेळी मनातल्या मनात सोडावं आणि चहा पिऊन यावं.

सोडलं म्हणजे नेमकं काय सोडलं? तीन हक्क: सूड घेण्याचा, ती गोष्ट तिसऱ्याला सांगण्याचा, आणि पुढच्या भांडणात ती बाहेर काढण्याचा. आठवण सोडणं यात येत नाही, कारण ते हातात नाही. आठवण येणार, रात्री साडेबाराला येणार. येशूचा शिष्य पेत्र यानं 'अपराध्याला किती वेळा क्षमा करू, सात वेळा?' म्हणून विचारलं आणि उत्तर मिळालं साताच्या सत्तर वेळा. लोक ते ४९० नवीन अपराध मोजतात. पण एकच अपराध ४९० वेळा आठवतो, आणि दर वेळी तो नव्यानं सोडावा लागतो. नेहमीच्या घरात हाच अर्थ जास्त लागू पडतो. ज्याला दुसऱ्यांदा राग आला तो 'माझी क्षमा खोटी होती' म्हणून खचतो. खोटी नव्हती, पहिली होती. तो ग्रीक शब्द ७७ असाही वाचता येतो, आणि उत्पत्ती ४:२४ मध्ये लामेख ज्या सत्याहत्तर पट सुडाची बढाई मारतो त्याच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द आहे. सुडाची मोजपट्टी घेऊन येशूनं ती उलटी धरली.

आणि सोडवतच नसेल तर? गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होतं, त्यातला पहिलाच उद्गार पाहावा: 'हे बापा, त्यांना क्षमा कर.' खिळे मारणाऱ्यांकडे वळून तो 'मी तुम्हांला क्षमा केली' असं म्हणत नाही. तो बापाकडे मागतो. ज्याच्यात आज क्षमा करण्याची ताकद नाही, त्याला निदान मागता येतं. त्या माणसाचं नाव घेऊन रोज एक वाक्य, निदान महिनाभर. भावना मागून आल्या तर आल्या.

माफी मागणाऱ्याचं प्रकरण याहून बिकट आहे. भाषणाच्या शेवटी, निरोप समारंभात, नवीन वर्षाच्या रात्री आपण म्हणतो, 'कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी.' शिष्टाचार म्हणून सुंदर वाक्य आहे. पापनिवेदन म्हणून शून्य किमतीचं. 'काही' म्हणजे काय ते नाही, 'असेल तर' म्हणजे चुकलं हेही कबूल नाही. येशूच्या दुसऱ्या एका दाखल्यातला, बापाचा पैसा उधळून बसलेला उडाऊ पुत्र परत येताना वाक्य पाठ करून येतो: मी स्वर्गाविरुद्ध व तुमच्यासमोर पाप केलं आहे. त्यात 'जर' नाही, 'पण' नाही, दुष्काळ पडला होता ही सबबही नाही. वास्तविक दुष्काळ खरोखर पडला होता.

शिवाय भरपाई. मोशेच्या नियमशास्त्रात, गणना ५:७ मध्ये, तीन पायऱ्या आहेत: कबुली, मुद्दल परत, आणि वर पाचवा हिस्सा. सामाईक विहिरीच्या मोटारीच्या दुरुस्तीचे दहा हजार एकानं परस्पर खर्चून टाकले असतील तर हिशेब बारा हजारांचा. लेवीय ६ प्रमाणे हे पैसे दोषार्पण (अपराधाबद्दल देवाला द्यायचं अर्पण) आणायच्या दिवशीच द्यायचे, देवाकडे आधी आणि शेजाऱ्याकडे सवडीनं असं नाही. चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढराला चार मेंढरं असा निर्गम २२ चा दर होता, आणि लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयानं स्वतःला लावून घेतला तो हाच चौपटीचा. लूक १९ मध्ये 'आज या घराला तारण प्राप्त झालं' हे वाक्य जक्कयानं रक्कम जाहीर केल्यानंतर येतं, हे वाचताना सुटतं. बांध कोरणाऱ्यानं मोजणी करून बांध मागं घ्यावा. पाण्याची पाळी चोरणाऱ्यानं पाळी द्यावी. ज्यानं चारचौघांत बदनामी केली त्यानं त्याच चारचौघांत शब्द मागं घ्यावेत. फोनवर एकट्याला 'सॉरी' म्हणून ते फिटत नाही.

आता या पत्राचं मुख्य म्हणणं. कर्ज माफ होणं वेगळं आणि नवं कर्ज मिळणं वेगळं. माफी मिळालेल्या सभासदाला सोसायटी उद्या सकाळी दुप्पट मर्यादा मंजूर करत नाही, आणि त्यामुळे माफी खोटी ठरत नाही. क्षमा ही माफी आहे, विश्वास हे नवं कर्ज. पहिली एकतर्फी देता येते, एका रात्रीत देता येते, मेलेल्यालाही देता येते. दुसऱ्यासाठी परतफेडीची सवय दिसावी लागते. भावांनी विकून टाकलेल्या योसेफानं पुढं मिसरात त्यांना ओळखलं, तीन दिवस अटकेत ठेवलं, आणि त्याच ४२ व्या अध्यायात (उत्पत्ती) तो बाजूला जाऊन रडला. मन मऊ झालं होतं. तरी ओळख दिली ती ४५ व्या अध्यायात. मधल्या काळात शिमोन हा भाऊ ओलीस, भावांची दुसरी फेरी, सगळ्यात धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत लपवलेला प्याला. हा छळ नव्हता. बापाचा लाडका मुलगा पुन्हा एकदा अडचणीत सापडला तर हे भाऊ त्याला टाकून जातात की नाही, एवढंच त्याला पाहायचं होतं, आणि ज्या यहूदानं योसेफाला विकायची कल्पना काढली होती तोच 'याच्या जागी मला ठेवा' म्हणून पुढं आला, तेव्हा योसेफाला राहवलं नाही. पैशात फसवलेल्या भावाला माफ करावं; पण पुन्हा व्यवहार करायचा तर पाच हजारांपासून, लिहून, तारखेसह. दारू सोडलेल्या मुलाला मिठी मारावी. दुकानाचा गल्ला सहा महिन्यांनी पाहू.

ही दोन खाती एक केली की काय होतं, ते सांगताना शब्द सौम्य ठेवणं अवघड आहे. मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला 'ख्रिस्तानं सोसलं, तूही सोस' असं सांगून परत पाठवलं जातं. पाठवणारे वडीलधारे असतात, कधी पाळकही (चर्चचे धर्मगुरू) असतात, आणि त्यांना वाटतं आपण समेट घडवला. समेटाला लूक १७:३ ची अट आहे: त्यानं पश्चात्ताप केला तर. तिनं मनातून क्षमा केली असेल वा नसेल, तो तिचा आणि देवाचा प्रश्न; तिला सुरक्षित छप्पर मिळणं हा मंडळीचा प्रश्न आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला संरक्षणाचा आणि त्या घरात राहण्याचाही आदेश मागता येतो. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. हे आकडे चर्चच्या सूचनाफलकावर लावायला कुठल्या ठरावाची गरज नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर मध्यस्थीला जागाच नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती असेल तर ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नं प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. 'मंडळीची बदनामी नको, त्यानं गुडघे टेकून माफी मागितली' हे उत्तर कायद्याला चालत नाही आणि शुभवर्तमानालाही नाही. क्षमेचा दाखला मत्तयाच्या ज्या १८ व्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात सहाव्या वचनात, लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवणं बरं, असं लिहिलेलं आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

आणखी एक प्रकार आपल्या भागातला खास. बाप गेल्यावर भाऊ बहिणीला म्हणतात, 'आपल्यात भांडण नको, मन मोठं कर, हक्कसोडपत्रावर सही कर.' सोबत एखादं वचनही ऐकवलं जातं. बहिणीनं काय अपराध सोडायचा आहे? अपराध झालेलाच नाही. होऊ घातलेला आहे. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो: विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींत सारखं. मुलगा-मुलगी असा फरकच त्यात नाही. तिला स्वखुशीनं द्यायचं असेल तर द्यावं, ते दान आहे आणि दानाला दान म्हणावं. पण नोंदणीकृत सही झाल्यावर ती फिरवायला दिवाणी दावा लावावा लागतो, तेव्हा सहीपूर्वी तिनं उतारा स्वतः वाचावा, आणि दशक्रियेसारख्या रडारडीच्या दिवसांत (हो, आपल्यातल्या काही घरांत दहावा अजून वेगळ्या नावानं पाळतातच) कुणी तिच्यासमोर कागद ठेवू नये.

कॅथॉलिक बांधवांची परंपरा इथं आम्हां प्रॉटेस्टंट मंडळ्यांपेक्षा जास्त काटेकोर आहे, हे मान्य करायला हरकत नसावी. त्यांच्याकडे विवेकाची तपासणी, पश्चात्ताप, धर्मगुरूसमोर निवेदन, पापमुक्तीचे शब्द आणि मग नेमून दिलेलं प्रायश्चित्त असा क्रम ठरलेला आहे, आणि पापमुक्ती मिळाली तरी चोरलेली वस्तू परत करणं, बदनाम केलेल्याचं नाव सावरणं माथी राहतंच, ही शिकवण स्पष्ट आहे. आमच्याकडे 'थेट देवाशी बोलतो' म्हणून हा टप्पा पुष्कळदा गळून जातो.

ईस्टरनंतरचा रविवार त्यांच्यात दैवी दयेचा रविवार म्हणून पाळतात. पोलंडच्या फाउस्तिना कोवाल्स्का या धर्मभगिनीला (१९०५ ते १९३८) २२ फेब्रुवारी १९३१ रोजी झालेल्या दर्शनातून ही भक्ती सुरू झाली. पांढरट आणि लाल अशा दोन किरणांचं येशूचं चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३० एप्रिल २००० रोजी तिला संतपद दिलं आणि त्याच दिवशी हा रविवार जगभरच्या कॅथॉलिक चर्चसाठी जाहीर केला. दयेची माळ नेहमीच्या रोझरीवरच (जपमाळेवरच) म्हणतात: दहा-दहा मण्यांचे पाच गट, प्रत्येक लहान मण्यावर ख्रिस्ताच्या दुःखसहनाखातर आमच्यावर आणि सगळ्या जगावर दया कर अशी विनवणी, म्हणजे पन्नास वेळा. दहा मिनिटंही लागत नाहीत. दुपारी तीनची वेळ तिला विशेष मानतात. आम्ही माळ वापरत नाही, पण ती म्हणणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं: पन्नास वेळा 'सगळ्या जगावर' म्हणताना ज्या घराशी बोलणं बंद आहे ते घर जगात धरलं की वगळलं? फाउस्तिनाच्या लेखनात दया करण्याचे तीन मार्ग येतात, कृती, शब्द आणि प्रार्थना. अबोला हा चौथा मार्ग नाही.

शेवटी पाळक आणि पंचांसाठी एक साधी सूचना. बहुतेक मंडळ्यांत प्रभुभोजनाची (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची) घोषणा आदल्या रविवारी होते. मत्तय ५:२३-२४ सांगतं की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. म्हणजे घोषणा आणि प्रभुभोजन यांच्यामधले सहा दिवस हे या कामासाठीच आहेत. घोषणेत तारीख आणि वेळ सांगून थांबू नये. 'ज्यांना कुणाकडे जायचं आहे त्यांनी बुधवारपर्यंत जाऊन यावं, एकट्यानं जमत नसेल तर पाळकांना फोन करावा' एवढी दोन वाक्यं जोडावीत. बुधवार यासाठी की पहिल्या भेटीत दार उघडलं नाही तर दुसऱ्या भेटीला गुरुवार-शुक्रवार हाताशी राहतात. शनिवारी रात्री नऊनंतर केलेला समेट सहसा रविवारच्या भाकरीसाठी केलेला असतो. मंडळीच्या निवडणुकीच्या महिन्यात ही सूचना दोनदा वाचली तरी चालेल.

आपले,
मंडळीत शिकवण्याचं काम करणारे काही वाचक,
मिरज, जि. सांगली